सतरा अंश

रात्री दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी
सात नंबरच्या खोलीत कोणीतरी आलं.

दारातून नाही. दाराला अलिगढचं कुलूप,
दारापाशी खाटेवर हुसेन तडवी,
बिडी विझली की पुन्हा पेटवणारा, जागाच.
त्याच्या वहीत निळ्या शाईत आहे:
रात्री कोणी आले नाही.
हुसेन खोटं लिहीत नाही.

माझ्याकडे दुसरी वही आहे, पडद्यावरची.
तीत परक्या मुलखाचा आकडी पत्ता
आणि त्यापुढे: प्रवेश यशस्वी.

आलेल्यानं पाहिलं
किती अंश, किती ओल, किती गॅस.
नऊ टन हिरवी केळी
अंधारात फणीला फणी लावून पडलेली.
बाहेर सावद्याचा मे महिना, रात्रीसुद्धा चौतीस.
त्यानं सतराचे अठरा केले.
तीन मिनिटं थांबला.
अठराचे सतरा केले. गेला.

परक्या घरात शिरावं,
निजलेल्या पोराच्या पाळण्याला एक झोका द्यावा
आणि चपला हातात घेऊन निघून जावं, तसं.

दरोडा असता तर मला कळला असता.

पेटी मीच बसवली होती, चार वर्षांपूर्वी,
पोळ्याच्या आदल्या दिवशी, घाईत.
पासवर्ड पेटीच्या बुडाशी चिकटवलेला तोच,
जो फैजपूरच्या पेटीला, रावेरच्या पेटीला,
बऱ्हाणपुरातल्या मी न पाहिलेल्या पेट्यांनाही.
म्हटलं, बदलू नंतर.
बारा खोल्या.
'नंतर' हा शब्द मी बारा वेळा स्क्रूनं आवळून आलो.

कंपनीला फोन लावला. बाई म्हणाली,
हा क्रमांक अस्तित्वात नाही.
पेटी मात्र आहे. दर सोमवारी पहाटे
अपडेट आलं का म्हणून विचारते,
कुलूप लागलेल्या घराला
अंगणातून हाका मारत राहते.

लोटूशेठ झांबरे टोपी मांडीवर ठेवून म्हणाले,
"काय नेलं त्यानं?"
काही नाही.
"मंग त्याले चोर कसाले म्हनाचं?"
मी सांगू लागलो, आज एक अंश, उद्या दहा,
नाहीतर बाराही खोल्या बंद
आणि पडद्यावर खंडणीचा आकडा.
ते ऐकत होते,
पण बोटं क्रेटमधल्या केळीवर,
वैद्य नाडीवर ठेवतो तशी.

"बदल मंग," म्हणाले.
कोणता शब्द ठेवू?
नातवाचं नाव नको, गाडीचा नंबर नको,
शब्दकोशातला तर कोणताच नको, मी म्हटलं,
त्यांची यंत्रं अख्खे कोश एका रात्रीत
दारावर आपटून बघतात.

शेठ हसले. दिवसभरात पहिल्यांदा.
आणि त्यांनी एक शब्द सांगितला,
आमच्या बोलीतला, ज्यात 'ळ'चा 'य' होतो.
असाच एक शब्द मी जळगावला कॉलेजात बोललो होतो.
सरांनी उभं करून तीनदा म्हणायला लावला,
बाकावर बाक हसला.
तेव्हापासून तो माझ्या तोंडात नव्हता,
घरीसुद्धा अर्धाच.

कोणत्याही कोशानं आत घेतला नाही त्याला.
आज तेवढंच त्याचं बळ.
पुढे आकडे, मागे चिन्ह लावून
मी तो बारा वेळा टाइप केला.
इथे लिहिणार नाही.

पाचव्या दिवशी सात नंबर उघडली.
पिवळी, रोजच्यासारखी, देठ अजून हिरवट.
एक सोलून खाल्लं, लक्ष देऊन.
त्या तीन मिनिटांची चव कुठेच लागली नाही.
गाडी भरली, धुळ्याला गेली.

रात्री हुसेन वही घेऊन बसला.
त्याला सगळं कळलं होतं, निम्मं चुकीचं.
बराच वेळ पेन हातात.
मग लिहिलं:
रात्री दारातून कोणी आले नाही.